बॉल, पिन आणि घाट : महाड-पोलादपुरातल्या टोइंगचा आढावा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गाडीमागे काहीतरी ओढत नेणे ही रोजच्या कामाची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना ट्रॅक्टरमागच्या टँकरने पाणी जाते. चाकरमान्याच्या घराचा स्लॅब पडायचा असला की पिकअपच्या मागे काँक्रीट मिक्सर हेलकावत येतो. विहिरीच्या कामावर कॉम्प्रेसर जातो, रस्त्याच्या कामावर डांबराचा बॉयलर जातो, मंडपवाल्याचा जनरेटर गावोगाव फिरतो, आणि भातकापणी झाली की पॉवर टिलरची ट्रॉली भारे वाहते. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. जीपमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर लावून महाबळेश्वरकडे चढावे, असे वाटणारी मंडळीही आता भेटतात.

हे सगळे ज्या एका जोडावर लटकलेले असते, त्याचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. इंजिन किती हॉर्सपॉवरचे, टायर कोणत्या कंपनीचे, यावर तासभर खल होतो. हूक, पिन, बॉल हे प्रकरण वेल्डरवर सोपवून मालक चहाला जातो. खरे तर या भागात जोड निवडताना गाडीची ओढ किती, हा प्रश्न शेवटचा आहे. दांडीवर भार किती पडतो आणि उतारावर मागचे वजन कोण रोखणार, हे दोन प्रश्न आधीचे.

घाटाचे गणित

महाड सावित्रीच्या काठी, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नाही. पोलादपूर डोंगराच्या पायथ्याशी. तिथून दक्षिणेला कशेडी, पूर्वेला आंबेनळी. महाडहून भोरकडे वरंधा. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर साधारण ४० किलोमीटर, पण एवढ्यात गाडी साडेतेराशे मीटर उंचीच्या पठारावर पोचते. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा बोगदा सुरू झाला आणि महामार्गावरच्या गाड्यांचा एक घाट टळला. वाडीवर टँकर नेणाऱ्याचा चढ मात्र होता तसाच आहे.

बारा मीटर चालले की एक मीटर उतरणारा रस्ता धरू. सहा टनांची भरलेली ट्रॉली अशा उतारावर पुढच्या वाहनाला सुमारे ५०० किलोच्या जोराने ढकलते. चाकांच्या घर्षणात त्यातला थोडा भाग जातो, बाकी सगळा पिनेवर आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास, ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. त्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा प्रदेश. चढावर जोड कमी पडला तर गाडी थांबते. उतारावर कमी पडला तर ती थांबत नाही.

जोडाचे चार प्रकार

पहिला प्रकार ट्रॅक्टरचा : मागे गिअरबॉक्सच्या घराला बोल्टने बसवलेला हूक किंवा दुहेरी पट्टीचा जबडा, त्यात ट्रॉलीची रिंग आणि वरून उभी पिन. दुसरा भोकांच्या आडव्या पट्टीचा, म्हणजे हायड्रॉलिकच्या दोन खालच्या बाह्यांमध्ये बसणारा लिंकेज ड्रॉबार. हलक्या शेतीकामाला तो चालतो. पण बाह्या वरखाली आणि डावीउजवीकडे हलतात, म्हणून भरलेली ट्रॉली त्याला लावून रस्त्यावर येऊ नये.

तिसरा प्रकार पिंटल हूक. फौजी गाड्यांच्या मागे दिसतो तो हाच : खालचा जाड आकडा, वरून बंद होणारा जबडा, आत ट्रेलरची रिंग. खडखडाट करतो, पण खाचखळग्यांत गाडी आणि ट्रेलर वेगवेगळ्या अंगाने पिळवटले तरी सहन करतो. खाणीवरच्या कॉम्प्रेसरला आणि बॉयलरला हाच योग्य.

चौथा बॉलचा. गाडीच्या चासीखाली एक आडवा सांगाडा, त्यात चौकोनी नळी म्हणजे रिसीव्हर, नळीत सरकवून आडव्या पिनेने अडकवलेला बॉल माउंट, त्यावर बॉल, आणि बॉलवर वरून बसणारा ट्रेलरचा कपलर. जोड घट्ट बसतो, आवाज नाही, हिसके नाहीत. डांबरी रस्त्यावर जनरेटर, बोट, कॅम्पिंग ट्रेलर अशा हलक्या ओझ्याला याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. मात्र वेडावाकडा पीळ त्याला झेपत नाही. कच्च्या रस्त्यावर रोज मिक्सर फिरवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

बॉल निवडताना

युरोपात हलक्या ट्रेलरसाठी ५० मिलिमीटर व्यासाचा बॉल ठरलेला आहे. अमेरिकेत पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा म्हणजे ४७.६ मिलिमीटरचा, दोन इंची म्हणजे ५०.८ चा आणि ५८.७ चा, अशी तीन मापे चालतात. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेला बॉल एका देशाच्या मापाचा आणि कपलर दुसऱ्या देशाच्या, असे सहज होते. ५० च्या कपलरमध्ये ४७.६ चा बॉल बसतो, कडी लागते, सगळे ठीक दिसते. पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर कपलर उसळून बाहेर येतो. उलट ५० च्या कपलरमध्ये दोन इंची बॉल घातला तर कडी पूर्ण बंद होत नाही. बॉलच्या माथ्यावर आणि कपलरवर माप कोरलेले असते. दोन्ही ठिकाणी एकच आकडा वाचता आला तरच पैसे द्यावेत.

मापाच्या शेजारी वजनक्षमताही कोरलेली असते. काहीच कोरलेले नसेल तर तो बॉल लेथवर शाफ्टच्या तुकड्यातून काढलेला असण्याची शक्यता धरावी. दिसायला तो गुळगुळीत असतो; पोलाद कोणते, कडक केलेले की नाही, हे कळायला मार्ग नाही.

युरोपीय बनावटीच्या जोडांवर ‘डी’ असा एक आकडा असतो. गाडीचे वजन आणि ट्रेलरचे वजन यांचा गुणाकार करायचा, त्यांच्या बेरजेने भागायचे, आणि ९.८१ ने गुणायचे. अडीच टनांची भरलेली गाडी आणि १.२ टनांचा ट्रेलर असेल तर उत्तर येते जवळपास ८ किलोन्यूटन. जोडावरचा आकडा याहून मोठा हवा. शिवाय सांगाडा, नळी, माउंट, बॉल, कपलर आणि खुद्द गाडी या साखळीत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच सगळ्यांची क्षमता. साडेतीन टनांचा बॉल घेतला म्हणून दीड टन ओढायची परवानगी असलेली गाडी साडेतीन टन ओढत नाही.

दांडीवरचा भार

जुन्या बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नसे. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलते. फार पुढे आले की बैल दबतात. एका आसाच्या ट्रेलरचे तेच आहे, फक्त बैलांच्या जागी बॉल आला.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार दांडीवर असावा. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के धरतात, युरोपातल्या हलक्या गाड्यांना पाच ते सात टक्के सांगतात. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. भार कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि मग गाडीलाही हलवतो. जास्त झाला की गाडीचे बूड बसते, पुढची चाके हलकी होतात, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि आंबेनळीच्या वळणावर स्टिअरिंग फिरवले तरी नाक हवे तसे वळत नाही.

हा भार मोजणे सोपे आहे. ८०० किलोच्या जनरेटर ट्रेलरचा भार ८० किलोच्या आसपास यायला हवा, म्हणजे घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना उटी लावलेली, काट्यावर बॉलच्या उंचीएवढे लाकडी ठोकळे, ठोकळ्यावर कपलर. काटा दाखवेल तो भार. मोठ्या ट्रेलरसाठी वाहनांच्या वजनकाट्यावर जावे : आधी संपूर्ण ट्रेलर काट्यावर, मग फक्त चाके काट्यावर आणि दांडीचा टेकू बाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. कमीजास्त निघाला तर हूक बदलू नये, ओझे सरकवावे.

उंचीचा हिशेब

ट्रेलर जोडल्यावर जमिनीला समांतर दिसला पाहिजे. बोलेरो, थार यांसारख्या उंच गाड्यांची नळी वर आणि हलक्या ट्रेलरचा कपलर खाली, त्यामुळे इथे बहुधा खाली उतरणारा माउंट लागतो. मापायची रीत अशी : गाडी सपाटीवर उभी करून जमिनीपासून नळीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यायचे. ट्रेलर समांतर ठेवून जमिनीपासून कपलरच्या तळापर्यंत दुसरे माप घ्यायचे. पहिले ५२ सेंटिमीटर आणि दुसरे ४२ आले तर दहा सेंटिमीटर उतरणारा माउंट हवा. गाडीत नेहमीची माणसे आणि सामान भरूनच मापावे, कारण भरल्यावर गाडी दोनतीन सेंटिमीटर सहज बसते.

दांडीचे नाक वर राहिले तर दांडीवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर डुलतो. नाक खाली गेले तर माउंट मोऱ्यांच्या उंचवट्यांवर आणि गतिरोधकांवर घासतो. म्हणून गरजेपेक्षा एक इंचही जास्त उतरणारा माउंट घेऊ नये. लांबीचेही तसेच. मागचा दरवाजा आणि स्टेपनी मोकळी राहील एवढी लांबी पुरे. जास्त लांब माउंट तोच भार मोठ्या तरफेने चासीवर टाकतो.

बसवताना

महामार्गालगतच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये अर्धा तास थांबले तर ही कारागिरी पाहायला मिळते. पिकअपच्या बंपरवर एक चॅनेलचा तुकडा टेकवतात, त्याला भोक पाडलेली पट्टी, दोन्ही बाजूंनी वेल्डिंगची ओढ, वरून रंग. पट्टीच्या भोकात मिक्सरची रिंग, रिंगेत सळईचा वाकवलेला तुकडा. वेल्डिंग दिसायला जाड असते, पण बंपर स्वतः ज्या चार पातळ ब्रॅकेटवर उभा आहे, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. बंपर धक्का खायला असतो, ओझे ओढायला नाही. गाडी अडकली तर बाहेर काढायला पुढेमागे जो फिरकीचा टोइंग आय दिलेला असतो, तोही ट्रेलरसाठी नाही.

सांगाडा चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना, आणि जमेल तिथे कंपनीने ठेवलेल्या भोकांतूनच बसवावा. चासी नसलेल्या, एकसंध बांधणीच्या गाड्यांत तर दुसरा मार्गच नाही : त्या मॉडेलसाठी बनवलेला तयार सांगाडाच घ्यावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा आकडा वाचून घ्यावा. बॉलचा आटेदार खुंट वेल्ड करू नये. कडक पोलाद तापून थंड होताना शिरेशिरेने तडकते आणि तडा बाहेरून दिसत नाही. एक इंची खुंटाची नट साधारण ३४० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला पस्तीस किलोचा जोर. हातभर पान्याने ‘बसली’ म्हणणारी नट त्याच्या निम्म्यालाही पोचलेली नसते. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

इथल्या पावसात नळीच्या आत गंज धरतो आणि माउंट कायमचा अडकून बसतो. काम नसेल तेव्हा तो काढून ठेवावा. चालणाऱ्यांच्या नडग्या वाचतात आणि नंबरप्लेटही झाकली जात नाही. बॉलला ग्रीस, वर टोपी. बॉल झिजतोही : ५० चा बॉल कुठल्याही अंगाने मापून ४९ मिलिमीटरवर आला की त्याचे आयुष्य संपले.

साखळी, वायर, ब्रेक

कपलर बसल्यावर एक परीक्षा घ्यावी. कडी लावून ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवत राहायचे. गाडीचे बूड दोनतीन बोटे वर उचलले गेले तर जोड पक्का. नुसता कपलर वर आला तर तो बॉलवर नुसता टेकलेला होता. मग दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना ओलांडून गाडीच्या सांगाड्याला. जोड सुटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणावर ताणली जाऊ नये आणि रस्त्यावर घासूही नये. ती नुसती बॉलभोवती गुंडाळणे म्हणजे बॉल तुटला की साखळीही गेली.

सात पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन अर्थिंगची, पांढऱ्या वायरची. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद झाला किंवा सगळे दिवे एकदम लुकलुकले तर नव्वद टक्के वेळा दोष तिथेच असतो. कपलरमधून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नये. ग्रीस आणि गंज वीज नेत नाहीत. आंबेनळीच्या धुक्यात मागचे दोन लाल दिवे आणि रिफ्लेक्टरची पट्टी यांना पर्याय नाही. मिक्सरमागे बांधलेले लाल फडके दिवसासुद्धा पुरत नाही.

युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. हलक्या ट्रेलरवर ते बहुधा धक्क्यावर चालणारे असतात : गाडी मंदावली की ट्रेलर दांडीवर पुढे रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने, कायदा काहीही म्हणो, हीच मर्यादा स्वतःला लावून घ्यावी.

हे सगळे आधी तपासून ठेवणे का महत्त्वाचे, हे पुरात कळते. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी बोट ट्रेलरवर तयार असण्याला मोल आहे. मात्र वर्षभर गोदामात उभ्या ट्रेलरचा कपलर जाम झालेला, टायर बसलेले आणि ओढणाऱ्या गाडीचा बॉल वेगळ्या मापाचा, असे त्या दिवशी कळून उपयोग नाही. बोट पाण्यात सोडण्याआधी दिव्यांचा प्लग काढायचा, एवढीसुद्धा गोष्ट आधी सराव केला असेल तरच आठवते.

ट्रॅक्टर आणि टिलर

ट्रॅक्टरला ओढ नेहमी कंपनीने दिलेल्या हूकवरूनच द्यावी. रुतलेली गाडी काढताना साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा आसाला बांधली की ओढीची रेघ वर जाते, मागची चाके रुतून बसतात आणि ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उभा राहतो. चालकाला उडी मारायला सेकंदभरही मिळत नाही. दोनचाकी ट्रॉलीचे ओझे फार पुढे भरले तरी हूक दाबला जाऊन चढावर पुढची चाके हलकी होतात.

टँकरचा धोका निराळा. ५,००० लिटर पाणी म्हणजे पाच टन, त्यावर टाकीचे वजन. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, कारण ब्रेक मारला की पाणी पुढे धावते आणि पिनेला एकामागून एक धक्के बसतात. आत आडपडदे असलेली टाकी घ्यावी आणि घाटात टँकर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न्यावा. उतरताना चढायला लागला असता तोच गिअर, दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना अडकवलेले, क्लचवर पाय नाही आणि न्यूट्रल तर कधीच नाही.

पॉवर टिलरवाल्याला आणखी एक गोष्ट अंगवळणी पडावी लागते. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर ट्रॉली मागून ढकलत असते. क्लच दाबलेले चाक मोकळे होऊन जास्त पळते आणि टिलर उजवीकडे जातो. बांधावरून खाली गेलेल्या टिलरांचे हे एक मोठे कारण. उतारावर स्टिअरिंग क्लचला हात न लावता हँडल रेटूनच वळवावा.

पिनेबद्दल वेगळे सांगायला हवे. सळईचा तुकडा ही पिन नव्हे. डोके असलेली, पोलादी, भोकात फार न खुळखुळणारी आणि खाली लिंच पिन किंवा आर-क्लिपने अडवलेली, तीच पिन. रिंग जिथे टेकते तिथे पिनेला हळूहळू कमरेसारखी खाच पडते, आणि ती कमर एक दिवस उतारावरच तुटते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ ने नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करायला मनाई आहे, म्हणून सांगाडा बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. विम्याच्या कागदावर ट्रेलरचा उल्लेख आहे का, हेही वाचून पाहावे. बंद पडलेली गाडी टोचन करून नेण्याचे नियम वेगळे आहेत : १९८९ च्या नियमावलीत दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, असे होते. घाटात दोराने टोचन करूच नये. बंद इंजिनच्या गाडीचा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड झालेले असतात. क्रेन बोलवावी.

निवाडा

या भागासाठी उत्तर एकच नाही, पण गोंधळाचेही नाही. ७५० किलोच्या आतल्या, डांबरी रस्त्यावरच्या ट्रेलरला ५० चा बॉल आणि मॉडेलसाठी बनवलेला सांगाडा. कच्च्या रस्त्यावरच्या मिक्सर-कॉम्प्रेसरला पिंटल हूक आणि रिंग. त्यापुढचे ओझे ट्रॅक्टरच्या मूळ हूकवर, खऱ्या पिनेने, आणि घाट उतरायचा असेल तर ब्रेक असलेल्या ट्रॉलीतच. ब्रेक नसतील तर खेपा दोन कराव्यात, ओझे निम्मे (टँकर मात्र अर्धा भरून नको). यात डिझेल जास्त जाते, हे मान्य. पण सगळ्या साखळीत पिन, क्लिप आणि साखळी हेच सर्वांत स्वस्त भाग आहेत आणि काटकसर नेमकी तिथेच होते. यंदा पावसाळ्यापूर्वी आपल्या ट्रॉलीची पिन एकदा काढून हातात घेऊन पाहा. खाच पडलेली दिसली तर त्याच दिवशी बदला.